वांग पुसणाऱ्या ॲपचा सात महिन्यांचा अनुभव

चेहरा नीटनेटका करून देणारे हे ॲप मी गेल्या नोव्हेंबरात घेतले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बंद केले. सुरुवातीला आठवड्याला एखादा फोटो त्यातून जाई. शेवटी दिवसाला पाच-सहा जाऊ लागले. ॲपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारची बहुतेक ॲप्स याच रीतीने चालतात आणि माझे म्हणणे एका कंपनीपुरते नाही.

घेण्याचे कारण अगदी साधे होते. धाकट्या मुलाच्या वेळी माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. हार्मोनमधले बदल आणि ऊन ही वांगाची मोठी कारणे, आणि त्यातले दुसरे नागपुरात शोधायला जावे लागत नाही. डॉक्टरांनी सनस्क्रीन, मलम आणि धीर असे तीन उपाय सांगितले होते. त्यांतला धीर पहिल्यांदा संपला. भाच्याच्या साखरपुड्याचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले, तेव्हा साठ माणसांच्या त्या फोटोत मला फक्त माझे गाल दिसले. त्याच रात्री ॲप डाउनलोड केले.

काम म्हणून पाहिले तर ॲप उत्तम आहे, हे आधीच कबूल करते. डोळे, नाक, ओठ, जबड्याची कड असे चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू ते ओळखते, त्वचेचा भाग वेगळा काढते आणि कडा तशाच ठेवून मधला पोत मऊ करते. डागावर बोट टेकवले की शेजारची त्वचा जणू तिथे येऊन बसते. पैठणीचे काठ बिघडत नाहीत. नथीचे मोती मात्र पुसट होतात, आणि मागे खिडकीचे गज असले तर गाल आत घेताना तेही वाकतात. माझ्या दोन-तीन फोटोंत आमच्या बैठकीची खिडकी भूकंप झाल्यासारखी दिसते. तीन दिवसांची मोफत मुदत संपली की वर्षाची वर्गणी आपोआप कापली जाते, आणि ती सूचना अशा बारीक अक्षरांत असते की ती वाचण्यासाठी चष्मा लावावा लागतो.

खरा अनुभव पुढे सुरू होतो. मी वांग पुसण्यासाठी ॲप घेतले होते आणि पहिला महिना तेवढेच केले. पण गाल स्वच्छ झाल्यावर डोळ्यांखालची काळी वर्तुळे ठळक दिसू लागली. ती घालवल्यावर जबडा रुंद वाटू लागला. फोटो उघडताच ॲप स्वतःहून ‘चेहरा बारीक’, ‘डोळे मोठे’, ‘त्वचा उजळ’ असे पर्याय समोर मांडते, आणि एकोणचाळीस वर्षांत ज्या जबड्याचा मी एकदाही विचार केला नव्हता, तो दुरुस्त करण्याजोगा आहे हे मला तिथे कळले. उजळपणाच्या पट्टीबद्दल एक सांगितलेच पाहिजे. 2020 साली हिंदुस्तान युनिलिव्हरने आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ शब्द काढून ‘ग्लो’ घातला, तेव्हा आम्ही ऑफिसातल्या बायकांनी चहावर त्याची चर्चा केली होती. आणि आता मीच रोज ती पट्टी उजवीकडे सरकवत होते.

नाकाचा घोळ तर निव्वळ कॅमेऱ्याचा होता. सुमारे बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ 30 टक्के रुंद दिसते, असे 2018 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गणित मांडून दाखवले. कॅमेऱ्याला जवळची वस्तू मोठी दिसते, एवढेच त्यामागचे कारण. हे वाचण्याआधी मी निदान दोन महिने माझे नाक बारीक करत होते. त्याहून वाईट म्हणजे नववीतल्या मुलीने वाढदिवसाचा फोटो माझ्याकडे देऊन ‘आई, माझं नाक तेवढं कर’ असे सांगितले. तिला नाक आहे हे तिला माझ्यामुळे कळले, असे म्हटले तरी चालेल.

सोशल मीडियामुळे आपण दुसऱ्यांशी तुलना करतो, असे नेहमी सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटते, असे 32 टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची कंपनीच्याच अंतर्गत संशोधनातली नोंद 2021 साली वॉल स्ट्रीट जर्नलने उघड केली होती. पण मला नट्यांचा किंवा रीलवाल्या मुलींचा त्रास झाला नाही. त्यांचे आयुष्य वेगळे, हे माझ्या वयाला कळते. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली म्हटले होते की माणूस स्वतःला मोजताना आपल्यासारख्याच माणसाशी ताडून पाहतो. माझ्यासारखी माझ्याइतकी दुसरी कोण असणार? माझी तुलना माझ्याच स्टेटसवरच्या फोटोशी होऊ लागली, आणि त्या बाईला ना वांग होते, ना जागरण, ना वय. सकाळी आरशात दिसणारी मी तिची खराब निघालेली प्रत वाटू लागले.

हे दुखणे किती मुरले होते ते मे महिन्यात कळले. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की इथे गाडी चालवणाऱ्या साऱ्या बायका दुपट्ट्याने चेहरा गुंडाळतात. वर्धा रोडच्या सिग्नलवर नुसते गॉगल दिसतात. मला ते फार बरे वाटू लागले. इतके, की ऑफिसच्या तळघरात गाडी लावल्यावरही मी दुपट्टा सोडत नसे. लिफ्टचे दार उघडायच्या क्षणी सोडत असे. तिथे ऊन नव्हते.

त्याच महिन्यात एका लग्नात काकू भेटल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, ‘काहून वं, बरं नाही का तुले?’ टोमणा नव्हता तो, काळजीच होती. त्या माझे स्टेटस रोज पाहतात, आणि फोटोतल्या मला पाहून पाहून त्यांना समोरची मी आजारी वाटली. फ्रान्समध्ये 2017 पासून मॉडेलचे शरीर बारीक-जाड केलेल्या जाहिरातींवर तशी सूचना द्यावी लागते आणि नॉर्वेत 2022 पासून जाहिरात करणाऱ्या इन्फ्लुएन्सरांनाही असा नियम लागू आहे. पण घरच्या ग्रुपवरच्या फोटोवर कोण शिक्का मारणार?

ॲप बंद करण्याचे निमित्त पासपोर्टचे झाले. पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो तिथल्या तिथे, खुर्चीवर बसवून काढतात; आपला घेऊन जायचा नसतो. खिडकीपलीकडच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवून ‘मॅडम, ठीक आहे ना?’ असे विचारले, आणि मी काही क्षण ही माझ्या आधीच्या बाईची फाइल उघडी राहिली असेल, असे समजून गप्प बसले.

ज्यांना बंद करायचे आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. फोनवरून ॲप काढून टाकले तरी वर्गणी चालूच राहते. ती प्ले स्टोअरमधल्या सबस्क्रिप्शनच्या पानावर जाऊन वेगळी रद्द करावी लागते. दुसरे, फोनचा स्वतःचा कॅमेराही तपासा. गुगलने 2020 साली पिक्सेल फोनमध्ये चेहरा मऊ करण्याची सोय आपोआप चालू न ठेवण्याचे ठरवले, पण माझ्या फोनमध्ये ब्यूटी मोड पहिल्या दिवसापासून चालू होता, म्हणजे ॲपने पुसायला घेतलेला चेहराही आधीच थोडा पुसलेला होता.

वांग आहे तसेच आहे. पहिले तीन आठवडे स्टेटस न टाकता काढले, तेही जड गेले. एका गोष्टीची चुटपुट मात्र राहिली आहे. ॲप बदललेला फोटो वेगळा साठवते आणि मूळ फोटोला हात लावत नाही. पण जागा भरली म्हणून मूळ फोटो मीच उडवत गेले. त्या सात महिन्यांतला, न बदललेला असा माझा एकच फोटो माझ्याकडे आहे, आणि तो पासपोर्टवर आहे.