गच्ची की कूलर? विदर्भातली मे महिन्यातली झोप

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खोलीत सोडत राहतो. झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं, म्हणून खोलीत झोपायचं तर कूलर हवाच. समोरची खिडकी मात्र उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा कोंडते आणि अंग चिकचिकतं.

गच्चीवर संध्याकाळी पाणी मारलं की रात्री गादी टाकता येते. पहाटेचा तो गारवा कूलरला जमतच नाही! पण साडेपाचलाच उजाडतं, झोप मोडते. दुपारी अर्ध्या तासाची डुलकी मिळणार असेल तर मी गच्चीच निवडेन. रात्रपाळी करणाऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना कूलरचीच खोली बरी. मच्छरदाणी दोन्हीकडे लावा.