'इन्व्हिन्सिबल शील्ड': वीस महिने ऐकल्यावर

आधीच कबूल करतो, मी ब्रिटिश हेवी मेटल बँड ज्युडास प्रीस्टचा जुना भक्त. पहिल्या आठवड्यात कोणी मत विचारलं असतं तर जे बोललो असतो त्याला काडीची किंमत नव्हती. म्हणून मुद्दाम थांबलो. त्यांचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' हा अल्बम आला 8 मार्च 2024 ला. आता वीस महिने झाले. गाडीत, कारखान्यात, इअरफोनवर, सीडीवर, सगळीकडे ऐकून झाला, तेव्हा लिहायला हरकत नाही.

तो दिवस नेमका महाशिवरात्रीचा. घरचे हरिपूरला संगमेश्वराच्या रांगेत, आणि मी 'गाडी लावून येतो' म्हणून मागे राहिलेला. पोटात साबुदाण्याची खिचडी, कानात 'पॅनिक अटॅक'. सुरुवातीला सिंथेसायझरचा सूर लांबून चढत येतो, त्यांच्याच 1986 च्या 'टर्बो' अल्बमची आठवण करून देणारा, आणि मग गिटारी दार ढकलून आत येतात. गायक रॉब हॅलफर्ड त्या वेळी 72 वर्षांचा होता. तो ज्या उंचीवर जाऊन किंचाळतो ते ऐकून मी गाडीत एकटाच हसत बसलो. बायको दर्शन घेऊन आली, म्हणाली, "एवढं काय झालं?" काय सांगणार? अंगारा लावून घेतला आणि गाडी काढली.

तो आनंद साधारण तीन महिने टिकला. नंतर माझ्या लक्षात आलं की पहिली तीन गाणी मी ऐकत नाही, नुसती लावतो.

ही तक्रार नीट सांगायला हवी. 'पॅनिक अटॅक', 'द सर्पंट अँड द किंग' आणि अल्बमच्याच नावाचं तिसरं गाणं, तिन्ही वेगात, तिन्ही चढ्या आवाजात. वाजवण्यात खोट काढायला जागा नाही. पण ही गाणी सिद्ध करायला केली आहेत. 'बघा, अजून जमतंय' हे प्रत्येक ओळीतून ऐकू येतं. एकदा मान्य केलं की जमतंय, मग पुढे काय? कुस्तीच्या मैदानात वस्ताद शड्डू ठोकतो तेव्हा टाळ्या पडतात, पण माणसं थांबतात ती कुस्तीसाठी. या अल्बमातली कुस्ती चौथ्या गाण्यापासून सुरू होते.

मला हे कळलं ते सांगली-कोल्हापूर रस्त्यामुळे. आमचं कुपवाड एमआयडीसीत लहानसं प्रेस शॉप आहे. पॉवर प्रेसवर ब्लँकिंगची, म्हणजे पत्र्यातून आकार कापायची कामं. डाय, म्हणजे त्याचा साचा, हार्डनिंगला शिरोलीला न्यावी लागते, आठवड्यातून एकदा तरी. अकरा गाणी मिळून साधारण 52 मिनिटं. रस्ता धड असता तर शिरोलीच्या अलीकडेच अल्बम संपला नसता. आता संपतो आणि परत पहिल्यापासून सुरू होतो, यावरून रस्त्याचं काय ते समजा. अंकलीच्या पुलापर्यंत पहिली तीन गाणी उरकलेली असतात. जयसिंगपूरच्या गर्दीत 'डेव्हिल इन डिसगाइज' लागतं. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रखडत असताना त्या गाण्याची ठेका धरून चालण्याची लय इतकी बरोबर बसते की हॉर्न वाजवायचं विसरायला होतं. 'गेट्स ऑफ हेल' ठीक, जातं. आणि गर्दी सुटून गाडी मोकळी धावायला लागली की 'क्राउन ऑफ हॉर्न्स'.

हे सहावं गाणं माझ्या मते अल्बमचं काळीज आहे. वेग मध्यम, चाल गुणगुणता येईल अशी, आणि हॅलफर्ड त्याच्या मधल्या पट्टीत. तिथं तो ओरडत नाही, गातो. शब्द सोडताना थांबतो. बायकोला या जातीचं संगीत म्हणजे डोकेदुखी, तिनंही एकदा मिरजेला जाताना विचारलं, "हे त्यांचंच आहे का?" त्यांचंच आहे म्हटल्यावर म्हणाली, "मग असंच का नाही म्हणत सगळं?" वीस महिन्यांत मी वाचलेल्या-ऐकलेल्या मतांत हे सगळ्यात कामाचं.

मिरजेचा विषय निघालाच आहे. तिथं माझा शाळेपासूनचा मित्र आहे, घरात पिढ्यान्‌पिढ्या सतार-तानपुऱ्याचं काम. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा पेढे घेऊन गेलो आणि त्याच बैठकीत त्याला हा अल्बम ऐकवला. तो किराणा घराण्यात मुरलेला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं दर्ग्यात होणारा संगीत उत्सव त्याच्या घरचं कार्य असल्यासारखा. हेवी मेटलशी त्याचा संबंध माझ्यापुरताच. डोळे मिटून तीन गाणी ऐकली आणि म्हणाला, "आवाजाला काही झालेलं नाही रे. पण जवारी सगळीकडे खुली ठेवलीय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तानपुऱ्याच्या घोडीवर तार जिथं टेकते तो पृष्ठभाग कानसेनं घासून घासून जमवतात, तिला जवारी म्हणतात. खुली जवारी म्हणजे सूर झगझगीत, पसरणारा; बंद जवारी म्हणजे गोळीबंद, मऊ. दोन्हीला आपापली जागा. त्याचं म्हणणं, या अल्बमात गिटार, झांजा, आवाज, सगळंच झगझगीत करून ठेवलंय, कान टेकवायला सावली नाही. मला जे नेमकं सांगता येत नव्हतं ते त्यानं पंधरा मिनिटांत सांगितलं. इअरफोनवर सलग ऐकला तर 'अ‍ॅज गॉड इज माय विटनेस' येईपर्यंत माझे कान शिणतात. गाडीत खिडकी उघडी असली की हाच आवाज बरा वाटतो, कारण रस्त्याची घरघर वरचा झगमगाट खाऊन टाकते. निर्माता अँडी स्नीप. 2018 च्या 'फायरपॉवर'लाही तो होता, टॉम अ‍ॅलमच्या जोडीनं, आणि तो अल्बम मला कानाला जास्त सुखाचा वाटतो. तरी 2014 च्या 'रिडीमर ऑफ सोल्स'चा पातळ, पाणचट आवाज आठवला की स्नीपला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

पुतण्या वालचंद कॉलेजात मेकॅनिकलला आहे. त्याच्या पिढीचं मेटल वेगळं, तारा इतक्या ढिल्या की मला तो प्रेस बेडचा कंप वाटतो. त्याचं मत: "काका, ड्रम प्लॅस्टिकचे वाटतात. प्रत्येक ठोका सारखाच." मी ड्रमर स्कॉट ट्रॅव्हिसची बाजू घेतली. प्रीस्टच्याच 1990 च्या 'पेनकिलर' अल्बमची सुरुवात ज्यानं केली त्याच्याबद्दल असलं ऐकून घेणार नाही म्हटलं. पण मग कारखान्यात गेलो आणि वाटलं, पोरगं अगदीच चुकत नाही. प्रेसचा प्रत्येक स्ट्रोक कागदावर सारखा असतो. प्रत्यक्षात पत्रा थोडा जाड आला, पंचची धार गेली, की आवाज बदलतो. जुना ऑपरेटर त्या बदलावरूनच मशिन थांबवतो. या अल्बमात तो बदल कमी ऐकू येतो. ड्रमरनं केला नसेल असं नाही, पण मिक्सिंगमध्ये घासून सपाट झालाय.

(एका शनिवारी हौसेनं शॉपमध्ये स्पीकरवर लावलाही होता. आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर दहा मिनिटांत आला: "मालक, बंद करा. मशिन काय म्हणतंय ते कळंना झालंय." बंद केला.)

पुण्यातल्या मित्राचं मत सगळ्यात सोपं: 'पेनकिलर'नंतर सगळं फुकट. 1991 मध्ये त्यानंच मला त्याची कॅसेट भरून दिली होती, निळ्या शाईनं गाण्यांची नावं लिहून. ती कॅसेट आणि तिच्यासोबतचा अख्खा खोका 2019 च्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या घरात पुराच्या पाण्यात गेला. पाणी उतरल्यावर टेप चिखलात गुंडाळी होऊन पडलेली होती. त्यामुळे माझ्यापुरतं 'पेनकिलर' आता आठवणीतच जास्त चांगलं वाजतं, आणि आठवणीशी नव्या अल्बमाची तुलना करायची तर निकाल आधीच लागलेला. मित्राला हे सांगितलं. त्यानं नव्या अल्बमची सीडी पाठवून दिली, जादा तीन गाण्यांची आवृत्ती. भांडतो एक आणि वागतो दुसरंच. त्या तिनांतलं 'द लॉजर' बॉब हॅलिगन ज्युनिअरचं, म्हणजे ज्यानं 1984 च्या अल्बमात 'सम हेड्स आर गॉना रोल' दिलं होतं तोच. नाटकी गाणं आहे, एकदोनदा ऐकायला मजा. बाकी दोन नसती तरी चाललं असतं.

आता हातांबद्दल. या अल्बमबद्दल जिथं तिथं हॅलफर्डच्या गळ्याचीच चर्चा. मी प्रेस शॉपवाला, माझं लक्ष हातांकडे जातं. आमच्या धंद्यात दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणं असतात, म्हणजे स्ट्रोक खाली येताना हात डायमध्ये राहू नये. आण्णांच्या काळात, दुसऱ्या एका कारखान्यात, अशी बटणं नव्हती. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं पेर तिथंच राहिलं. प्रीस्ट जिथले, त्या बर्मिंगहॅमच्या आसपासचा सगळा मुलूख असाच, ओतशाळा, पत्र्याचं काम, धूर. त्याच गावच्या ब्लॅक सॅबथ बँडच्या गिटारवादक टोनी आयोमीची उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं 1965 मध्ये पत्र्याच्या कारखान्यात गेली. वय 17, नोकरीचा शेवटचा दिवस. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली आणि वाजवत राहिला. मी ही गोष्ट आण्णांना सांगितली होती. ते म्हणाले, "बाटली कसली?" भांडी घासायच्या साबणाची, म्हटलं. "हुशार आहे." एवढंच.

या अल्बमवर बँडचा जुना गिटारवादक ग्लेन टिप्टनचं नाव आहे. मूळच्या सगळ्या अकरा गाण्यांच्या श्रेयात हॅलफर्ड, दुसरा गिटारवादक रिची फॉकनर आणि तो, अशी तीन नावं. टिप्टननं 2018 च्या फेब्रुवारीत आपल्याला पार्किन्सन्स, म्हणजे आपला कंपवात, असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून दौऱ्यावर त्याच्या जागी स्नीपच उभा राहतो. फॉकनर 2011 मध्ये आलेला, बँडमध्ये सगळ्यांत तरुण. 26 सप्टेंबर 2021 ला लुईव्हिलच्या मंचावर 'पेनकिलर' वाजवताना त्याच्या छातीतली महाधमनी फाटली. गाणं पुरं केलं, मग इस्पितळ, तातडीची शस्त्रक्रिया. हे सगळं अल्बम येण्याआधी माहीत होतं. पण 2025 च्या सुरुवातीला त्यानं स्वतःच सांगितलं की त्या शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात त्याला मेंदूचा छोटा झटकाही येऊन गेला होता आणि त्याचा उजवा हात तेव्हापासून पूर्वीसारखा चालत नाही.

मी ते वाचलं तेव्हा अल्बम पाठ झालेला होता. त्या दिवशी शिरोलीला जाताना ज्या तीन गाण्यांना मी 'सिद्ध करायला केलेली' म्हणून नाकं मुरडत होतो ती पुन्हा पहिल्यापासून ऐकली. ताल धरणारा उजवा हात, सलग खाली-वर, न थांबता. सिद्ध करायचंच होतं, पण कोणाला, याचा माझा अंदाज चुकला होता. तरीही गाणी म्हणून ती मला अजून तितकीच आवडतात, जास्त नाही. माणसाबद्दलचा आदर वाढला म्हणून चाल सुधारत नाही.

उतरणीच्या गाण्यांकडे येतो. 'ट्रायल बाय फायर' पहिल्यांदा साधं वाटलं, आता दर वेळी थांबून ऐकतो. 'एस्केप फ्रॉम रिअ‍ॅलिटी' संथ, जड, सॅबथच्या वळणाचं. ज्यांना वेगच हवा ते हे ओलांडून जातात आणि मला नेमकं इथंच बँडचं खरं वय ऐकू येतं, चांगल्या अर्थानं. 'सन्स ऑफ थंडर' तीन मिनिटांच्या आत संपतं, मोटारसायकलवाल्यांचं गाणं आहे, पोरांनी ऐकावं. बास गिटारवाला इयान हिल सगळीकडे आहे आणि कुठंही दिसत नाही. पहिल्या अल्बमपासून आजवर एकही न चुकवणारे दोघंच, टिप्टन आणि हा, आणि याच्याबद्दल लिहायला माझ्याकडेही दोनच ओळी.

शेवटचं 'जायंट्स इन द स्काय' हे गेलेल्यांसाठीचं गाणं आहे, रॉनी जेम्स डिओ आणि लेमी या मेटलच्या दोन जुन्या गायकांसाठी. मध्ये सगळा धुडगूस थांबतो आणि साधी, बिनविजेची गिटार येते. मिरजेच्या मित्राला मी तेवढा तुकडा पुन्हा ऐकवला. तो म्हणाला, "हां, इथं जवारी बंद केली." 2025 च्या जुलैत सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला, त्या आठवड्यात मी बाकीची दहा गाणी लावलीच नाहीत.

घ्यावा का? प्रीस्ट पहिल्यांदा ऐकणार असाल तर इथून सुरुवात करू नका, 1980 चा 'ब्रिटिश स्टील' घ्या. जुने ऐकणारे असाल तर घ्या, पण सहाव्या गाण्यापासून लावा आणि इअरफोनचा आवाज दोन घरं कमी ठेवा. माझी सीडी दिवाळीपासून पुतण्याकडे आहे. ड्रम प्लॅस्टिकचे म्हणणाऱ्याला ती कशाला हवी, विचारलं तर म्हणतो, "रूममेट ऐकतोय, काका."