ट्रेडिंगला वेगवान, पण खर्च लपलेला

हे शेअर ॲप मी तीन वर्षं वापरतेय. ऑर्डर लगेच लागते, स्टॉपलॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विक्री) लावणं सोपं. पण प्रत्येक व्यवहाराचा खर्च तिथल्या तिथे दिसत नाही, महिनाअखेरच्या हिशेबात शोधावा लागतो. हे फार खटकतं. खरेदी-विक्रीच्या एका फेरीला ०.२ टक्के धरा. तेवढ्याच भांडवलावर २५० फेऱ्या केल्या की निम्म्या भांडवलाइतका खर्च होतो, नफा-तोटा वेगळाच! वहीत हे मांडलं त्याच दिवशी मी इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसात घेऊन विकणं, थांबवलं.

दीर्घ मुदतीसाठी मात्र ॲप उत्तम: लाभांशाच्या नोंदी, वार्षिक अहवाल, जुने ताळेबंद एकाच जागी. दरसाल १२ टक्के चक्रवाढ टिकली तर ६ वर्षांत रक्कम जवळपास दुप्पट होते. त्यासाठी दिवसभर हलणारे लाल-हिरवे आकडे कशाला? ते बंद करायची सोय द्या, पाचवा तारा देईन.