फोरमनचा प्रश्न आणि डिस्पॅचचा फळा : एका ‘ॲजाइल’ सल्लासेवेचे परीक्षण

जळगाव एमआयडीसीतील आमच्या ठिबक साहित्याच्या कारखान्याने एका सल्लागार संस्थेकडून मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिन्यांची ‘ॲजाइल परिवर्तन’ सेवा घेतली. ‘ॲजाइल’ म्हणजे काम छोट्या टप्प्यांत करायचे, प्रत्येक टप्प्याला गिऱ्हाइकाला दाखवायचे आणि त्याच्या मतानुसार पुढचे बदलायचे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार त्या संस्थेपेक्षा अशा सेवेच्या करारात काय लिहिलेले नसते याबद्दल अधिक आहे. पाचपैकी तीन तारे देतो, आणि त्यातले दोन एकट्या डिस्पॅचच्या फळ्यासाठी आहेत.

आमचा सात जणांचा संगणक विभाग दोन वर्षांपासून दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत काम करतो आणि रोज सकाळी पंधरा मिनिटे उभ्यानेच बैठक घेतो (उभ्याने घेतलेल्या सभेला बैठक म्हणावे का, हा वाद अजून मिटलेला नाही). त्यांची कामे वेळेवर होतात हे पाहून विक्री, खरेदी, उत्पादन, डिस्पॅच आणि लेखा या विभागांतही तीच पद्धत आणावी, असे संचालकांनी ठरवले.

पहिले दोन दिवस प्रशिक्षणाचे होते. 2001 साली अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड येथे 17 जणांनी मिळून लिहिलेला ‘ॲजाइल’चा जाहीरनामा, त्यातील 4 मूल्ये आणि त्यामागची 12 तत्त्वे प्रशिक्षकांनी नेटकेपणाने समजावली. मात्र तो जाहीरनामा सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे, याची आठवण त्यांना आमच्या एक्स्ट्रुजनच्या, म्हणजे प्लास्टिक वितळवून नळी काढणाऱ्या विभागाच्या, फोरमनने करून दिली. “साहेब, अर्धी नळी काढून गिऱ्हाइकाला दाखवू का?” या त्यांच्या प्रश्नावर सभागृह हसले आणि प्रशिक्षक पुढच्या स्लाइडकडे वळले. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लॅटरलची (पिकाच्या ओळीत अंथरायच्या नळीची) जाडी आणि तिच्यावरच्या ड्रिपरमधले, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्यांमधले, अंतर मशीन सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. गिऱ्हाइकाचे मत नंतर बदलले, तर निघालेला माल त्याच्या कामाचा राहत नाही.

त्यानंतर ‘सेफ’ (SAFe) ही मोठ्या संस्थांत ‘ॲजाइल’ राबवण्याची चौकट आली. तिच्यात 50 ते 125 माणसांच्या गटाला ‘ट्रेन’ म्हणतात आणि 8 ते 12 आठवड्यांचे नियोजन एकत्र बसून करतात. कार्यालयातली माणसे आणि पर्यवेक्षक मिळून आम्ही साठ, म्हणजे अख्खी कंपनी एकाच गाडीत बसली. आमच्या उत्पादन व्यवस्थापकांना ‘रिलीज ट्रेन इंजिनिअर’ हे पद मिळाले, आणि भुसावळहून त्यांना फोन येतो का, ही चेष्टा महिनाभर चालली. पहिली दोन दिवसांची नियोजन सभा संस्थेने नेमकी आखाजीला ठेवली. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, हे ठाऊक असलेला माणूस ती तारीख धरणार नाही. निम्मे फोरमन आले नाहीत, आणि मे महिन्यातल्या पूर्वहंगामी कपाशीच्या मागणीमुळे विक्रीची माणसे गावोगाव फिरत होती.

तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या प्रशिक्षिका आल्या आणि सेवेचा दर्जा एकदम बदलला. त्यांनी आधी फोरमनचा प्रश्न पुन्हा विचारून घेतला. उत्पादनाला दोन आठवड्यांचे टप्पे लावू नयेत, तिथे कानबान, म्हणजे फळ्यावर चिठ्ठ्या लावून एका वेळी हाती असलेल्या कामांवर मर्यादा घालण्याची पद्धत, घ्यावी, कारण ती पद्धत ताइची ओनो यांनी टोयोटाच्या कारखान्यातच घडवली, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. डिस्पॅचमध्ये पांढरा फळा लागला: मागणी, डिझाइन, उत्पादन, सुटे साहित्य, भरणी, रवाना. प्रत्येक ऑर्डरची एक चिठ्ठी, आणि ‘सुटे साहित्य’ या रकान्यात एका वेळी पाचपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत.

चौथ्या दिवशी त्या रकान्यात चौदा चिठ्ठ्या होत्या. त्यांतली एक रावेरच्या मृग बागेची, म्हणजे जून-जुलैत लावायच्या केळीची. लॅटरलची बंडले तयार, फिल्टर आलेला, अडले होते ते अठराशे रुपयांचे ग्रोमेट आणि एंड कॅप, म्हणजे नळीच्या जोडाची रबरी कडी आणि टोकाचे बूच. खरेदीची चिठ्ठी संचालकांच्या टेबलावर आणि संचालक नाशिकला. पाच हजारांच्या आतल्या खरेदीलाही त्यांचीच सही लागते, हे आम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षे माहीत होते. चौदा चिठ्ठ्या एकाखाली एक लोंबताना पाहिल्यावर ते खुद्द संचालकांनाही खटकले. खरेदी अधिकाऱ्यांना पंचवीस हजारांपर्यंतचे अधिकार मिळाले आणि तीन आठवड्यांत तो रकाना पाचाच्या आत आला.

अधिकारांचा हा बदल मात्र सेवेचा भाग नव्हता. लेखा विभागातही असेच बसून पाहा, अशी विनंती मी केली, तेव्हा ते काम ‘कार्यकक्षेबाहेर’ असल्याचे लेखी उत्तर आले. संस्थेच्या अंतिम अहवालात किती सभा झाल्या, हजेरी किती आणि प्रमाणपत्रे किती, याचीच मोजदाद आहे. रावेरची ऑर्डर किती दिवस लवकर गेली असती, याचा त्यात उल्लेखही नाही. लेखा विभागात आजही रोज सकाळी सगळे उभे राहतात, काल काय केले ते सांगतात, आणि बिले पूर्वीइतकीच थांबतात.

कराराचे नूतनीकरण आम्ही महिन्याला दोन दिवसांपुरतेच केले आहे. अटी तीन घातल्या: त्याच प्रशिक्षिका येतील, पहिले चार दिवस लेखा विभागात बसतील, आणि कांदे बागेच्या (केळीच्या पावसाळ्यानंतरच्या लागवडीच्या) मागणीचे नियोजन सप्टेंबरमध्येच, पंचांग पाहून होईल.