वाळवंटावर लिहायचं तर सरळ की तिरकस?
वाळवंटातल्या जीवांवर लिहिणारे दोन तऱ्हेचे, एक सरळ सांगणारे अन् दुसरे तिरकस, म्हणजे वरून कौतुक आणि आतून चिमटा. आमच्या नागपूरच्या वाचन ग्रुपवर यावरून जोरात वाद चालू आहे म्हणून लिहून राहिलो.

प्राणी-पक्ष्यांबद्दल मला सरळच आवडतं. पखुर्डी (सँडग्राउस) या पक्ष्याचा नर बघा, पाणवठ्यावर बसून पोटाची पिसं भिजवतो, ते पाणी घेऊन कित्येक किलोमीटर उडत जातो आणि पिल्लं ती ओली पिसं चोचीत धरून पाणी ओढून घेतात. इथे तिरकसपणा कशाला? लेखक मध्ये आला की पक्षी गेलाच समजा.

पण माणूस आला की सरळ शैली कमी पडते भाऊ. थारचा गवताळ माळ, जिथे माळढोक पक्षी जगतो, तो सरकारी नोंदीत बराचसा 'पडीक'. पर्यावरण वाचवायला म्हणून तिथे सोलर अन् पवनचक्क्या आल्या, आणि त्यांच्या विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात, कारण त्याला अगदी समोरचं नीट दिसत नाही आणि नर १५ किलोपर्यंत भरतो, ऐनवेळी वळणार कसा. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालायला सांगितलं, २०२४ मध्ये तोच आदेश सैल केला. हे नुसतं सांगितलं तर बातमी होते, तिरकस लिहिलं तर टोचतं, आणि टोचायलाच पाहिजे, आपल्या विदर्भात वरोऱ्याकडे माळढोक होता हे पोरांना आता सांगावं लागतं.