हायड्रा कुठे उभा करायचा? ‘हिरोज थ्री’ अजून का घ्यावा

ऑफिसातल्या एका मुलाने परवा विचारलं, “मॅडम, १९९९ सालचा गेम आता पैसे देऊन घ्यायचा म्हणजे काय?” जेवणाच्या सुट्टीत उत्तर पुरं झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

गेमचं पूर्ण नाव ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’. न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगने बनवला, थ्रीडीओने बाजारात आणला. नकाशावर आपला हिरो फिरवायचा, सोनं-लाकूड-गंधक गोळा करायचं, शहर बांधायचं आणि दर आठवड्याला नवं सैन्य भरती करायचं. हे सगळं छान आहे, पण माझा जीव अडकलाय तो लढाईच्या पटात. आडवी १५ आणि उभी ११ षटकोनी घरं. प्रत्येकाच्या जास्तीत जास्त सात तुकड्या; एका जातीचे कितीही प्राणी मिळून एक तुकडी, ती पटावर एकत्रच उभी राहते. तुकड्यांच्या पाळ्या वेगाच्या क्रमाने येतात. फटका खाणारी तुकडी एका फेरीत एकदाच उलटा फटका देते. नियम पाच मिनिटांत कळतात. या पटावर एकाच वेळी अनेकांना मारणारे प्राणी आले की मात्र सगळा हिशेब बदलतो, आणि मला हा गेम कळला तो तिथून.

माझं शहर फोर्ट्रेस, दलदलीतलं. त्याचा सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचा प्राणी हायड्रा. आकडे बघितले तर तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. वेग ५, म्हणजे सातव्या पायरीच्या मानाने गोगलगाय. सुधारलेला केऑस हायड्रा ७. रॅम्पार्ट या दुसऱ्या शहराचा गोल्ड ड्रॅगन १६ च्या वेगाने पटाच्या या टोकावरून त्या टोकाला एका झेपेत जातो. पण हायड्रा त्याला लागून असलेल्या प्रत्येक शत्रूला चावतो, प्रत्येकाला पूर्ण नुकसान करतो आणि कुणालाही उलटा फटका देता येत नाही. तो दोन घरं व्यापतो, त्यामुळे त्याला लागून घरं असतात आठ: पुढे एक, मागे एक, वर तीन, खाली तीन. माझ्यासाठी हा ‘आठ’ गेममधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे.

कारण या आठांतलं एकेक घर वाया घालवणं फार सोपं आहे. सुरुवातीला मी हायड्राला पटाच्या अगदी वरच्या ओळीत, लिझर्डमेन या माझ्या तिरंदाजांच्या शेजारी उभा करायची. तिरंदाज कोपऱ्यात असले की त्यांना लागून दोन-तीनच घरं असतात आणि ती हायड्राने अडवली की ते सुरक्षित. चाल बरोबरच होती, पण हायड्राची वरची तीन घरं पटाबाहेर गेली. उरली पाच. त्यातल्या एकात माझे स्वतःचे तिरंदाज आणि दुसऱ्यात नॉल्स, माझे पहिल्या पायरीचे साधे शिपाई. म्हणजे चावायला जागा तीनच. सहा हायड्रा विकत घेतले आणि निम्म्याहून जास्त तोंडं उपाशी ठेवली, असा तो प्रकार होता. आता मी हायड्राला काठापासून एक ओळ सोडून ठेवते, माझ्या एकाच तुकडीला त्याला टेकू देते आणि बाकीच्या मागे.

नकाशावरच्या भटक्या टोळ्यांशी लढताना याची खरी गोडी कळते. टोळी एकच असली तरी लढाई सुरू झाली की ती बहुतेक वेळा चार-पाच तुकड्यांत विभागून उभी राहते. मिनोटॉरांची टोळी घ्या. त्या पाचही तुकड्या चालत येऊन सहज हाती लागणारं काहीतरी पकडू बघतात. मी एकच नॉल वेगळा काढते, हायड्राच्या पुढ्यात तिरका उभा करते आणि हायड्राला ‘वेट’ देते, म्हणजे त्याची पाळी फेरीच्या शेवटी ढकलते. मिनोटॉर नॉलवर येतात, तिरंदाजांवर येतात आणि नकळत हायड्राच्या भोवती गोळा होतात. फेरीच्या शेवटी हायड्राची पाळी येते. कबड्डीत साखळी करून चढाईवाल्याला घेरायला गेलेले चौघं एका झटक्यात शिवले जावेत तसं होतं. माझं नुकसान म्हणाल तर तो एक नॉल.

भाऊ दिवाळीला घरी आला की आम्ही एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळतो. गेममध्ये त्याला हॉटसीट म्हणतात. तो नेहमी इन्फर्नो हे सैतानांचं शहर घेतो, कारण त्याला मॅगॉग आवडतात. मॅगॉग दुसऱ्याच पायरीचा, १३ जीवाचा छोटा सैतान, पण त्याने फेकलेला आगीचा गोळा ज्याला लागतो त्याच्या भोवतीच्या सहाही घरांत पेटतो. तिथे कोण आपलं, कोण परकं, हे तो गोळा बघत नाही. गेल्या दिवाळीतली आमची लढाई मला अजून घर न घर आठवते. त्याने मॅगॉगच्या दोन तुकड्या मागे ठेवल्या होत्या, पुढे सर्बेरस हे तीन डोक्यांचे कुत्रे, बाजूला डीमन आणि पिट लॉर्ड हे आणखी सैतान. हिरोच्या पडद्यावर सैन्य दाटीने उभं करायचं की विरळ, ते ठरवता येतं. त्याने दाटीने उभं केलं होतं. माझ्या हिरोला टेलिपोर्ट, म्हणजे आपली तुकडी उचलून पटावर दुसरीकडे ठेवायचा मंत्र, येत होता. माझे सहा केऑस हायड्रा मी उचलले आणि नेमके त्या दाटीतल्या रिकाम्या जागेत ठेवले. हायड्राची पाळी अजून यायची होती, त्यामुळे त्याच फेरीत त्याने चारही बाजूंना तोंडं उघडली.

हिशेब सांगते. एका केऑस हायड्राचं नुकसान २५ ते ४५, सरासरी ३५. सहांचं २१०. त्याचा अ‍ॅटॅक १८ आणि मॅगॉगचा डिफेन्स ४. फरकाच्या प्रत्येक गुणाला पाच टक्के वाढ, म्हणजे सत्तर टक्के. हिरोंचे गुण बाजूला ठेवले तरी ३५७. एका मॅगॉगचा जीव १३, म्हणजे एका फटक्यात सत्तावीस मॅगॉग, आणि त्याच फटक्यात आणखी तीन तुकड्यांचाही समाचार.

पण माझ्या मनात राहिली ती त्यानंतरची पाळी. मॅगॉगची एक तुकडी हायड्राला लागून होती, तिला नेम धरता येईना. दुसरी लांब होती, तिला गोळा फेकता येत होता. भावाने माऊस हायड्रावर नेला आणि हात तसाच थांबवला. हायड्राच्या भोवती आता सगळे त्याचेच उभे होते. “ताई, मी गोळा टाकला तर माझेच जळतील,” तो म्हणाला. पटाकडे बघत तो एवढा वेळ बसला की आईने दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी त्याने टाकला. हायड्रांच्या जोडीने त्याचेच सर्बेरसही होरपळले. अनेकांना मारणारा दुसऱ्या अनेकांना मारणाऱ्याला केवळ उभं राहून बांधून टाकतो, ही गोष्ट मला इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसलेली नाही.

नेक्रोपोलिस या मेलेल्यांच्या शहरातल्या लिच नावाच्या मांत्रिकाकडे असाच मृत्यूचा ढग असतो, पण तो मेलेल्यांना बाधत नाही आणि नेक्रोपोलिसचं सगळं सैन्य मेलेल्यांचंच. म्हणून लिच वापरताना फारसा विचार लागत नाही, आणि त्यामुळेच मला तो कमी आवडतो. सर्बेरस मधला मार्ग आहे. वेग ८, तीन डोकी, समोरचा आणि त्याच्या दोन्ही बगलांतले मिळून तिघांपर्यंत एकदम, उलटा फटका नाही. तिसऱ्याच पायरीचा असल्यामुळे तो लवकर हाती येतो. नव्या माणसाने कोन ओळखायला सर्बेरसपासून सुरुवात करावी.

ड्रॅगनचं वेगळं आहे. त्याचा श्वास सरळ रेषेत दोन घरं जाळतो: समोरचं आणि त्याच्या मागचं. त्यामुळे कुणाला मारायचं यापेक्षा कुठल्या बाजूने मारायचं हे आधी ठरवावं लागतं. दोन घरांचा शत्रू, समजा घोडेस्वार, समोरून आडवा मारला तर मागचं घर त्याचंच असतं आणि श्वास तिथेच संपतो. तिरका मारला की मागचाही सापडतो. आणि इथेच गेमचा एक खरा दोष आहे. माऊस शत्रूवर नेला की कर्सरची तलवार होते आणि तिची दिशा म्हणजे तुम्ही कुठल्या घरातून मारणार ती दिशा. माऊस केसभर हलला तरी घर बदलतं. श्वास पुढे कुठे जाणार हे पटावर कुठेच रंगवून दाखवत नाहीत. एकदा माझ्या गोल्ड ड्रॅगनने शत्रूच्या मागे उभे असलेले माझेच युनिकॉर्न जाळले. अशी चूक एकदा झाली की पुढे दर वेळी क्लिकच्या आधी ती रेषा डोळ्यांनी मोजायची सवय लागते. तरीही, दुसरं घर रंगवून दाखवायला हवं होतं, यावर मी ठाम आहे.

आणखी दोन उणिवा. तटबंदी असलेल्या शहरावर हल्ला करताना हायड्रा फार कमी कामाचा. खंदकाशी अडतो, भिंतीआडून बाण खातो आणि पोचेपर्यंत लढाई संपत आलेली असते. दुसरं, मोठ्या नकाशांवर शेवटचे दोन-तीन आठवडे उरलेसुरले हिरो शोधत फिरावं लागतं. तो भाग मला कंटाळवाणा वाटतो.

घ्यायचा तर ‘कम्प्लीट’ ही आवृत्ती घ्या. तिच्यात ‘आर्मागेडन्स ब्लेड’ आणि ‘शॅडो ऑफ डेथ’ हे दोन्ही विस्तार आहेत. जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर मिळते, सेलमध्ये बरीच स्वस्त पडते आणि उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. २०१५ ची एचडी आवृत्ती दिसायला देखणी आहे, पण तिच्यात हे विस्तार नाहीत, तेव्हा ती मी सुचवणार नाही. मूळ गेममध्ये हात बसला की चाहत्यांनी बनवलेला ‘हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस’ जरूर घाला. त्यात कोव्ह नावाचं समुद्री चाच्यांचं अख्खं नवं शहर आहे.

पहिल्या लढाईआधी एक काम करा. लढाईच्या पडद्यावर ऑप्शन्स उघडा आणि घरांच्या रेषा दाखवण्याची खूण चालू करा, शिवाय तुकडी कुठवर जाऊ शकते ते दाखवणारी सावलीही. शहर फोर्ट्रेस घ्या. किल्ला पुरा बांधला की आठवड्याला दोन हायड्रा मिळतात. हिरोची पातळी वाढताना टॅक्टिक्स हे कौशल्य समोर आलं तर सोडू नका. त्याच्या पहिल्या पायरीला लढाईआधी तीन ओळींपर्यंत सैन्य हलवता येतं, शेवटच्या पायरीला सात. सात ओळी पुढे उभा केलेला हायड्रा पहिल्याच फेरीत शत्रूच्या दारात असतो आणि त्याची आठही घरं मोकळी असतात.