वॉर ग्रेव्हजच्या यादीवरून आखलेली इटली: काही महिन्यांच्या वापरानंतर

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्याकडून लढताना कामी आलेल्या सैनिकांची यादी आहे. सतरा लाख नावं, नाव टाकून शोधा, पैसे पडत नाहीत. बहुतेक लोक तिथे आपला पणजोबा शोधतात. मी तिच्यावरून सहल आखली. शेतात सीतादही होऊन कापूस वेचायला बाया लागल्या तेव्हा सुरुवात केली आणि मे महिन्यात, इकडे पारा पंचेचाळिसाला टेकला असताना, इटलीत फिरून आलो. मी देवळी तालुक्यातला शेतकरी. सोबत भाऊजी होते, सैन्यातल्या गार्ड्स पलटणीतून निवृत्त झालेले, कामठीच्या सेंटरमधून निघालेले. पुलगावचा दारूगोळा डेपो उशाशी असल्यामुळे फौज इकडे कोणाला नवी नाही. फौजेपायी परदेशी जाणं मात्र नवं होतं. माय ऐकून म्हणाली, "इतले पैसे लावून मसनवटे पाहाले चालले काय बाप्पा?"

आता गंमत अशी की आपल्या माणसांचे मसनवटे तिथे फारसे नाहीतच, आणि ही यादी वापरताना सगळ्यात आधी हेच ध्यानात घ्यावं लागतं. आपण इंटरनेटवर 'इटलीतल्या युद्धस्मशानभूमी' असं शोधतो, मोठ्या मोठ्या दफनभूमींची यादी येते, फोटोत पांढऱ्या दगडांच्या ओळी दिसतात, आणि आपण त्याच नकाशावर टोचत बसतो. पण हिंदू आणि शीख शिपायांचं दहन झालं. त्यांचा दगड नाही. त्यांची नावं दहनस्मारकांवर कोरलेली आहेत, आणि अशी स्मारकं इटलीत तीनच: सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानभूमीतलं, फोर्लीचं आणि रिमिनीच्या गुरखा स्मशानभूमीतलं. ज्यांचा देहच सापडला नाही त्यांची नावं कसिनो गावच्या कसिनो मेमोरियलवर. म्हणजे दगड मोजून बेत आखला तर मराठा पलटणीची माणसं बेतातून गळूनच जातात. नाव शोधा, नावापुढे स्मारक काय लिहिलंय ते बघा, मग नकाशा उघडा. माझा सगळा बेत या एका सवयीनं बदलला.

इटलीच का, हे भाऊजींनी ठरवलं. 1943 ते 1945 या काळात तिथे चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. पन्नास हजारांवर माणूस. 5,782 परत आले नाहीत. व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक; इटलीत मिळालेल्या अशा 20 पदकांपैकी 6 भारतीय सैन्याचे, आणि त्यातले दोन मराठा लाईट इन्फंट्रीचे: नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. एवढं असूनही नागपूरच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत 'आम्हाला कसिनोला जायचंय' म्हटल्यावर समोरच्या पोरानं आम्हाला जुगारी समजून गोव्याचं पॅकेज काढलं. मग इटलीचं छापील पत्रक दिलं. रोम, पिसाचा मनोरा, व्हेनिसची होडी, पुढे स्वित्झर्लंडचा बर्फ. माणूस बसमधून उतरतो, फोटो काढतो, बसमध्ये चढतो. ते पत्रक घरी आणून मायला दिलं, तिनं त्यावर वड्या वाळवल्या.

आता वापराचं सांगतो. ओलिताला लाईन रात्रीची येते. गहू-हरभऱ्याला पाणी लावून मोटारीजवळ बसलं की दोन तास मोकळे मिळतात, आणि शेतात नेटवर्क गावापेक्षा बरं. शोधाच्या पानावर आडनाव, पलटण, मृत्यूची तारीख, देश, स्मारक असे रकाने आहेत. पलटण आणि देश एवढंच टाकलं तरी यादी निघते. एकेका नोंदीत हुद्दा, क्रमांक, पलटण, तारीख, कुठल्या स्मारकाच्या कुठल्या पॅनेलवर नाव आहे ते, आणि नशीब असेल तर वय, बापाचं नाव आणि गाव. हा शेवटचा रकाना म्हणजे सोनं. बहुतेक गावं रत्नागिरी, सातारा, कुलाबा (आजचा रायगड) अशा जिल्ह्यांतली दिसतात, कारण मराठा पलटणीची भरती मुख्यतः कोकणातली आणि देशावरची. आमच्या वऱ्हाडाकडचं नाव धुंडाळायला मी पुष्कळ रात्री घातल्या. माझ्या तालुक्याचं काही हाती लागलं नाही.

इथे एक अडचण येते आणि तिचा दोष आजच्या कोणाचा नाही. नावं लिहिली ती त्या काळच्या इंग्रज कारकुनांनी, कानाला पडली तशी. त्यामुळे एकच नाव तीन स्पेलिंगांनी टाकून बघावं लागतं. आडनावाच्या रकान्यात काही निघालं नाही तर शिपायाचं पहिलं नाव तिथेच टाका. गावाचं नाव आजच्या स्पेलिंगनं शोधू नका. यवतमाळ, अमरावती, बुलढाणा हे सगळे त्या काळी वेगळेच लिहीत. वहीत डाव्या पानावर आपलं नाव, उजव्या पानावर त्यांचं, असं मांडत गेलो तेव्हा कुठे गाडी सुरळीत झाली. निकाल एक्सेलच्या तक्त्यात उतरवून घेता येतात. भाचीनं तारखेप्रमाणे लावून दिले, आणि तेव्हा दिसलं की नावं कशी वर सरकत जातात: 1943 च्या हिवाळ्यात सांग्रोकडे, 1944 च्या उन्हाळ्यात कसिनोवरून उत्तरेला, 1945 च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर. सहलीचा रस्ता त्या तक्त्यानंच आखून दिला.

त्यातून सांग्रो वगळलं, कारण ते पूर्व किनाऱ्यावर आडबाजूला आहे आणि आमच्याकडे गाडी नव्हती. आंतरराष्ट्रीय परवाना वर्ध्याच्या आरटीओतून निघाला असता, पण इटलीत रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं, शिवाय जुन्या गावांच्या मधल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी, आणि शिरलात की दंड घरपोच. बारा महिने ट्रॅक्टर चालवणाऱ्यालासुद्धा मी हा उद्योग सांगणार नाही. रेल्वे उत्तम. पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून छापून घ्या, नाहीतर तिकीट असून विनातिकीट.

कसिनो रोमहून गाडीनं दोन तासांच्या आत. गावात उतरल्यावर मान वर करावी लागते. डोक्यावर पाचशे मीटर उंचीचा डोंगर आणि त्यावर मठ. संत बेनेडिक्टनं 529 मध्ये स्थापलेला. 15 फेब्रुवारी 1944 ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तो धुळीला मिळवला, आणि जर्मन मग त्याच ढिगाऱ्यात मोर्चे बांधून बसले. आज उभा आहे तो युद्धानंतर पुन्हा बांधलेला. त्या फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये मठाकडे चढणारी चौथी भारतीय डिव्हिजन होती. भाऊजी कड्यावरून खाली बघत म्हणाले, "खालून वर चढणं आन् वरून गोळी खाणं. याले अॅटॅक नाही म्हनत." खाली गारी नदी दिसते. 11 मेच्या रात्री आठवी डिव्हिजन ती ओलांडून गेली आणि 12 तारखेच्या तिथल्या पराक्रमासाठी एकोणीस वर्षांच्या कमल रामला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आठव्या पंजाब रेजिमेंटचा. मठ अखेर 18 मेला पोलिश सैन्याच्या हाती आला. त्यांची स्मशानभूमी मठाजवळच आहे, हजारावर कबरी. तारीख जमवून गेलात तर पोलंडहून आलेली पोरंटोरं, म्हातारी माणसं, झेंडे, फुलं असं सगळं बघायला मिळतं. आपल्याकडून कोणी आलेलं दिसलं नाही. आम्ही दोघं होतो तेवढेच.

कॉमनवेल्थची स्मशानभूमी गावाबाहेर, चालत जाण्यासारखी. सव्वाचार हजारांवर कबरी, मधे पाण्याचं लांबट कुंड आणि दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराचे खांब. हेच कसिनो मेमोरियल, चार हजारांवर नावांचं, 1956 मध्ये उघडलेलं. वहीतला पॅनेलचा आकडा इथे कामाला येतो. तो नसता तर दिवस गेला असता. घाडगे सापडले. 10 जुलै 1944, वय 22. त्यांच्या सेक्शनवर मशीनगननं जवळून मारा केला, घाडगे सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, ग्रेनेड टाकून गन बंद केली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीनंच झोडपलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. हे सगळं लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापलेलं आहे आणि तेही फुकट वाचता येतं. दोन्ही सोबत वापरा. नोंद नुसती वाचली तर तो एक क्रमांक वाटतो.

ते पडले ती जागा वर उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. तिथल्या मोंतोने गावात 2023 मध्ये त्यांच्या नावानं स्मारक झालंय, सूर्यघड्याळाचं. आपण सगळे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर आहे. हे स्मारक कमिशनचं नाही, त्यामुळे त्यांच्या यादीत शोधू नका. पेरुजियाहून भाड्यानं गाडी केली, महाग पडली, पण गाव इतकं सुंदर की पैसे अंगाला लागले.

फोर्लीबद्दल मात्र जास्त लिहायला पाहिजे, कारण तिकडे कोणीच पाठवत नाही. बोलोन्या-रिमिनी रेल्वेमार्गावरचं हे साधं कामधंद्याचं शहर. इथली स्मशानभूमी खास भारतीय सैन्याची आहे: सुमारे पाचशे कबरी आणि साडेसातशेहून जास्त नावांचं दहनस्मारक. राम राम करावा असं वाटणारी नावं एकाखाली एक. भाऊजींनी सावधान होऊन सलामी दिली आणि मग कितीतरी वेळ नुसती नावं मोठ्यानं वाचत उभे राहिले. नामदेव जाधवांचं नाव इथे नाही, कारण ते जगले. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून पलीकडे नेलं, परत येऊन तीन मशीनगनी बंद पाडल्या आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. नदीवर आम्हाला उभं राहायचं होतं, ते बसच्या वेळांमुळे हुकलं. पुढच्या माणसानं फोर्लीला एक मुक्काम जास्तीचा धरावा.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेनला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्राच्या जागी काय जोडायचं हा शेतकऱ्याचा मोठा प्रश्न. आम्ही सातबारा आणि कापूस विकल्याच्या पावत्या इंग्रजीत करून, बँकेच्या उताऱ्यासोबत लावल्या. प्रवासाचं कारण म्हणून दिवसवार तक्ता दिला, त्यात स्मारकांची नावं. विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई केली, बोटांचे ठसे दिले, व्हिसा आला. मायनं दिलेले पेढे मात्र घरीच ठेवले. दुधाचं काही युरोपात नेऊ देत नाहीत. ठेचा गेला.

ही यादी कोणाला पूर्ण पुरणार नाही, तेही सांगतो. पहिल्या महायुद्धासाठी ती डोळे झाकून वापरू नका. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांची फक्त संख्या. सगळे मेलेले सारखे, हे कमिशनचं 1917 पासूनचं तत्त्व, पण मुख्यतः आशिया-आफ्रिकेतल्या लाखाहून जास्त माणसांच्या बाबतीत ते पाळलं गेलं नाही असं 2021 मध्ये त्यांच्याच अहवालानं कबूल केलं आणि माफी मागितली. कमिशनच्या खर्चात भारत सरकारचाही वाटा आहे, तेव्हा आपण नोंदीतली दुरुस्ती सुचवताना संकोच करू नये.

ज्यांना एवढा खर्च झेपणार नाही त्यांनी पुण्याला खडकीच्या युद्धस्मशानभूमीत जाऊन यावं. तीही याच यादीत आहे आणि पॅनेल शोधायचा सराव फुकटात होतो. आमचा पुढचा बेत फ्रान्समधल्या न्यू शापेलचा आहे, 1927 मध्ये उघडलेलं भारतीय स्मारक, पावणेपाच हजारांच्या आसपास नावं. तिथून बेल्जियमचं ईप्र जवळ, तिथल्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजतो. तक्ता तयार आहे. तूर कितीला जाते त्यावर तारीख.